टर्की निघाली, वजन वाढलं, मग तीन आठवड्यांत पुन्हा गर्द का?

ताई,

आधी तुमचा प्रश्न नीट मांडून घेऊ. भाऊ २७ वर्षांचा. चार वर्षं गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, पन्नीवर, म्हणजे चांदीच्या कागदावर, ओढतो. सुई कधी घेतली नाही असं तो सांगतो. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहिला, एकदा महिनाभर, एकदा पंचेचाळीस दिवस. दोन्ही वेळा टर्की, म्हणजे गर्द बंद केल्यावर होणारा त्रास, संपवून चेहऱ्यावर तेज घेऊन परत आला आणि तीन आठवड्यांच्या आत पुन्हा सुरू झालं. आता तिसऱ्यांदा केंद्रात आहे आणि आठ दिवसांनी घरी येणार आहे. आई म्हणतात लग्न लावून देऊ, मामा म्हणतात गावी पाठवा, शेजारच्या काकूंनी चहात घालायची पावडर सुचवली आहे. आणि तुमचा स्वतःचा प्रश्न आहे की याच्यात इच्छाशक्तीच नाही का.

तुम्ही केंद्रातल्या दिवसांबद्दल बरंच लिहिलंय. घरी आल्यानंतरच्या दिवसांत काय करायचं ठरलंय याबद्दल मात्र एक ओळही नाही. यात तुमची चूक नाही, कारण घरच्यांना बहुधा एवढंच सांगितलं जातं: 'आता बरा झालाय, लक्ष ठेवा.' पण खरा प्रश्न तिथेच आहे. शरीर स्वच्छ करून आणणं हा उपचाराचा सर्वांत सोपा भाग असतो. उपचार सुरू होतो तो घराचं दार उघडल्यापासून.

काही गोष्टी त्याला तपासल्याशिवाय सांगता येणार नाहीत. गर्दसोबत तो दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतो का, यकृत कसं आहे, मुळात नैराश्य किंवा दुसरा काही मानसिक आजार आहे का, आणि त्याला स्वतःला सोडायचं आहे की फक्त घरच्यांची कटकट थांबवायची आहे, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. तरी या आठ दिवसांत करायच्या गोष्टी जवळजवळ सगळ्यांसाठी सारख्याच असतात.

इच्छाशक्तीचं आधी बोलू. गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन, अफूतल्या मॉर्फिनपासून बनवलेलं. मेंदूत ते ज्या जागी जाऊन बसतं त्या जागा शरीराच्या स्वतःच्या वेदनाशामकांसाठी असतात. 'सावध हो, जागा राहा' असं सांगणारं मेंदूतलं केंद्र गर्द दाबून ठेवतं. रोज दाब पडू लागला की मेंदूही ते केंद्र जास्त जोराने चालवू लागतो. मग एक दिवस माल मिळत नाही, दाब जातो आणि जोर तेवढाच राहतो. हीच टर्की. शेवटच्या पुडीनंतर साधारण आठ-बारा तासांत जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी आणि अंगावर काटा सुरू होतो. मग पोटात मुरडा, जुलाब, पायांत कळा, डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतो आणि आठ-दहा दिवसांत ओसरतो. या काळात अंगावर पाणी घेववत नाही. गर्द ओढणारा मुलगा आंघोळ टाळतो तो पुष्कळदा याच भीतीने, आणि घरात त्याला आळशी म्हणतात.

हे सगळं केंद्रात पार पडतं. उरतं ते डोळ्यांना दिसत नाही. पुढचे कित्येक आठवडे, कधी काही महिने, झोप तुटक राहते, कशात मन रमत नाही, आईने मुद्दाम केलेली आवडीची भाजीही बेचव लागते. रोजच्या साध्या गोष्टींतून आनंद देणारी मेंदूतली व्यवस्था गर्दने इतकी ताणलेली असते की ती जागेवर यायला वेळ लागतो. दुसरीकडे तलफ आपली आठवण पक्की धरून बसलेली असते. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, लायटरचा आवाज, ठरावीक पुलाखालचा रस्ता, संध्याकाळची सातची वेळ, एवढंही पुरतं. केंद्रात यातलं काहीच समोर येत नाही, म्हणून तिथे तो मनापासून सांगतो की 'आता इच्छाच होत नाही.' तो खोटं बोलत नसतो. घरी आल्यावर इच्छा होते तेव्हाही तो बदललेला नसतो, त्याच्या आजूबाजूचं सगळं परत आलेलं असतं.

तीन आठवड्यांचा हिशोबही यातच आहे. पहिला आठवडा कौतुकात जातो. दुसऱ्यात झोप नाही, काम नाही, आणि तो बाथरूममध्ये पाच मिनिटं जास्त राहिला तरी घरभर संशय. तिसऱ्यात जुन्या मित्राचा फोन येतो किंवा हातात पैसे येतात. उपचारानंतर पुन्हा घसरण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के धरलं जातं, आणि औषध-पथ्य सोडल्यावर रक्तदाब किंवा दमा उसळण्याचं प्रमाणही जवळपास तेवढंच आहे. दम्याच्या रुग्णाला आपण इच्छाशक्ती नाही म्हणत नाही. निर्धार लागतोच, पण झोप आणि औषध नसेल तर तो संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. हे आईंनाही वाचून दाखवा.

केंद्रातून आल्यानंतरचे पहिले काही आठवडे त्याच्या जिवाला सर्वांत जास्त धोका असतो. गर्द ओढत होता तेव्हापेक्षाही जास्त. सवय झालेल्या शरीराला जेवढा माल पचत होता, तेवढा आता पचत नाही. हाताला आणि मनाला मात्र जुनंच प्रमाण आठवतं. तो तेवढंच ओढतो आणि श्वास मंदावत जातो. सोबत दारू किंवा झोपेची गोळी, मुंबईत जिला 'बटन' म्हणतात आणि मालेगावकडे 'कुत्ता गोळी', असली तर धोका आणखी वाढतो, कारण दोन्ही मिळून श्वासाचं केंद्र दाबतात.

ओळखायचं कसं? हाक मारून, जोरात हलवून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने घासूनही जाग येत नाही. श्वास पाच सेकंदांत एकही नाही किंवा घशातून घरघर येते. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ओठ आणि नखं निळसर किंवा राखाडी. असं दिसलं की १०८ ला फोन करा आणि 'बेशुद्ध आहे, श्वास नीट नाही' हे शब्द वापरा. श्वास चालू असेल तर एका कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवून पुढे घ्या, म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही. श्वास थांबला असेल तर उताणा करा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा आणि दर पाच सेकंदांनी तोंडाने एक श्वास द्या. मिठाचं पाणी पाजणं, थंड पाणी ओतणं, धरून चालवणं, 'झोपू दे, उतरेल' म्हणणं, यातलं काहीही करू नका. डॉक्टरांना लपवाछपवी न करता सांगा की गर्द घेतो. नॅलोक्सोन नावाच्या इंजेक्शनने काही मिनिटांत श्वास परत येतो, पण त्याचा असर साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि शरीरात माल उरलेला असू शकतो. शुद्धीवर आला म्हणून लगेच घरी आणू नका. पोलिसांच्या भीतीने फोन करायला उशीर होतो आणि त्या उशिरातच माणसं जातात.

दुसरं काम औषधांचं, आणि तेही तो केंद्रातून निघण्याआधी. आजच तिथे फोन करून विचारा की सुटल्यावर कोणती गोळी चालू राहणार आहे. 'काही नाही, आता गरज नाही' असं उत्तर आलं तर आठ दिवसांच्या आत मनोविकारतज्ज्ञाची वेळ घ्या. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागात हे उपचार कमी खर्चात होतात. जवळचं ठिकाण माहीत नसेल तर व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा क्रमांक १४४१६. दोन्ही मोफत आहेत.

औषधाच्या वाटा मुख्यतः दोन. एक ब्युप्रेनॉर्फिन. ही गर्दच्याच जागेवर जाऊन बसते, पण जागा अर्धवटच भरते. त्यामुळे तलफ शमते, नशा चढत नाही आणि वरून गर्द ओढला तरी फारसा उपयोग होत नाही. गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत साधारण पाच-दहा मिनिटं बोलायचं नाही, गिळायची नाही, वर लगेच चहा-पाणी नाही. गिळली तर औषधाचा बराचसा भाग यकृतातच संपतो आणि मग लोक म्हणतात 'गोळी लागू पडत नाही'. रोज ओढणाऱ्या माणसाला पहिला डोस टर्की स्पष्ट दिसू लागल्यावरच देतात, साधारण २ ते ४ मिलिग्रॅम. आधी दिला तर गोळीच टर्की आणते. पुढे पुष्कळांना दिवसाला ८ ते १६ मिलिग्रॅम लागतात, काहींना कमी पुरतात. तुमचा भाऊ सध्या स्वच्छ आहे, त्यामुळे डॉक्टरांनी ही वाट निवडलीच तर फार कमी डोसपासून हळूहळू चढवतील. पूर्वी कुणाला दिलेली उरलेली गोळी घरच्या घरी देऊ नका.

दुसरी नॅलट्रेक्सोन. ही ती जागा नुसती अडवून ठेवते. शेवटच्या वापराला किमान सात ते दहा दिवस होऊन गेले असले पाहिजेत, नाहीतर भयंकर टर्की येते. यकृताची तपासणी करून रोज ५० मिलिग्रॅम देतात, किंवा सोमवारी आणि बुधवारी १००, शुक्रवारी १५०. सुटून येणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आणि घरात रोज समोर गोळी देणारं माणूस असलेल्या मुलासाठी ही चांगली बसते. तिची मोठी अडचण म्हणजे ती तलफ पुरेशी मारत नाही, आणि एक दिवस गोळी 'विसरली' की संरक्षण संपतं. गर्दची सवय मोडलेलीच असते, म्हणून त्या दिवशीचा झुरका जास्त जीवघेणा.

'एक व्यसन सोडून दुसरं लावायचं का?' असं आई विचारतील. नाही. व्यसनात माणूस दर काही तासांनी पुडीच्या मागे धावतो, चोरी करतो, कामावरून निघून जातो. रोज सकाळी एक गोळी घेऊन कामावर जाणारा माणूस मधुमेहाच्या रुग्णाच्या जवळचा. ब्युप्रेनॉर्फिनवर टिकून राहिलेल्यांत मृत्यूचं प्रमाण उपचाराबाहेर असलेल्यांच्या निम्म्याच्या आसपास येतं. म्हणून ही गोळी निदान एक वर्ष तरी घाईने बंद करू नये, असं माझं ठाम मत आहे. 'महिन्याभरात गोळीही सोडवू' म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

मामांच्या सूचनेत तथ्य आहे. व्हिएतनामहून १९७१ मध्ये परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला. तिथे पाचांतला साधारण एक हेरॉइनच्या आहारी गेला होता, पण त्यांतले थोडेच, शेकडा पाचांच्या आसपास, घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झाले. जागा बदलल्याने एवढा फरक पडतो. मात्र ते सैनिक व्यसन लागलं त्या जागेपासून घरी आले होते. तुमचा भाऊ गावी जाऊन पुन्हा त्याच चाळीत, त्याच नाक्यावर परत येणार आहे. पाठवायचंच असेल तर तिथे काम हवं, गोळी देणारं माणूस हवं आणि जवळच्या शहरात डॉक्टर हवा. नुसतं वाड्यात बसवून ठेवण्यासाठी पाठवू नका. आणि गावात काही मिळत नाही हे गृहीत धरू नका, खोकल्याचं औषध आणि झोपेच्या गोळ्या तिथेही मिळतात.

चहातल्या पावडरीला स्पष्ट नाही. न सांगता दिल्या जाणाऱ्या अशा औषधांत पुष्कळदा दारू सोडवण्याचं डायसल्फिराम असतं. गर्दवर त्याचा काही उपयोग नाही, आणि त्याने वरून दारू घेतली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. त्यापलीकडे, ज्या दिवशी त्याला कळेल की आईच्या चहात काहीतरी होतं, त्या दिवसापासून तुमच्या हातची खरी गोळीही तो घेणार नाही.

लग्नालाही नाही. सलग एक वर्ष स्वच्छ, तेही मुलीला आणि तिच्या घरच्यांना सगळं स्पष्ट सांगून, त्याआधी विषयच नको. गर्दने लैंगिक इच्छा कमी होते, कर्ज होतं, संशय वाढतो, आणि हे सगळं एका अनोळखी मुलीच्या पदरात पडतं. अशा घरांत सर्वांत जास्त किंमत मोजते ती बायको. तिचे दागिने आधी जातात, मग तब्येत. आईंचा हेतू वाईट नाही, पण एका मुलाच्या औषधासाठी दुसऱ्याची मुलगी वापरू नये.

पैशांबद्दल व्यवहाराने बोलायचं. पहिले तीन महिने पगार तुमच्या किंवा आईंच्या खात्यात, फोनवरची पैसे पाठवायची ॲप बंद, रोज प्रवास आणि नाश्त्यापुरते रोख. हे शिक्षा म्हणून लादू नका. त्याच्यासोबत बसून कागदावर लिहा, तीन महिन्यांनी काय बदलेल तेही लिहा, आणि सही त्याची घ्या. सिमकार्ड नवीन. उधारी मागायला कुणी घरी आलं तर ते पैसे त्याच्या हातात देऊ नका, आणि पुडीवाल्याचं कर्ज 'एकदाच मिटवून टाकू' म्हणत भरू नका, त्याच दारातून पुन्हा माल येतो. लघवीची तपासणी करायची असेल तर डॉक्टरांकडे, आधी ठरवून करा. गर्द त्यात साधारण दोन-तीन दिवसच दिसतो. घरी अचानक बाटली हातात देऊन केलेल्या तपासणीतून भांडणच जास्त निघतं.

तलफ लाटेसारखी येते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरते. त्याला तेवढा वेळ काढायला शिकवायचं आहे: घराबाहेर पडून माणसांत जाणं, ठरलेल्या एका व्यक्तीला फोन, काहीतरी खाणं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळी ती जास्त जोरात येते, म्हणून संध्याकाळी कामावरून उपाशी परतणारा मुलगा घरात शिरताच चौकशी सुरू करू नका. आधी जेवण. स्वमदत गटाच्या बैठका, म्हणजे नार्कोटिक्स ॲनॉनिमस, मुंबई-पुण्यात नियमित होतात. पुण्यात १९८६ मध्ये सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथेही बरे झालेले रुग्ण कार्यकर्ते म्हणून काम करतात, आणि त्यामागचं कारण साधं आहे: पन्नी ओढलेल्या माणसाचं म्हणणं पन्नी ओढणारा लवकर ऐकतो.

घसरला तर? एकदा ओढला म्हणजे सगळं वाया गेलं नाही. त्याला आधीच सांगून ठेवा की 'घसरलास तर त्याच दिवशी सांग, ओरडणार नाही, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाऊ.' लपवलं की एकाचे दहा होतात. घरात चांदीच्या कागदावर तपकिरी-काळी वळणदार रेघ दिसली, सुरळी केलेली नोट किंवा जळक्या काड्या सापडल्या, तर त्या वस्तू त्याच्यासमोर ठेवून शांतपणे विचारा. नशेत असताना बोलू नका, सकाळी बोला. आणि एचआयव्ही, हेपॅटायटिस बी-सी आणि टीबीच्या तपासण्या एकदा करून घ्या, सुई नाकारली तरी. हेपॅटायटिस सी आता बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि सरकारी कार्यक्रमात ते औषध मोफत आहे.

पुन्हा दाखल करायची वेळ आलीच तर रात्री गाडी पाठवून मुलगा उचलून नेणाऱ्यांना बोलावू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. रुग्ण तयार नसताना दाखल करायचं असेल तर दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासावं लागतं. ते आधी ३० दिवसांपर्यंतच, आणि रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असेल किंवा स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल तेव्हाच. साखळीने बांधणं या कायद्यात पूर्ण निषिद्ध आहे. केंद्राला विचारा: नोंदणी आहे का, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात, टर्कीत औषध देतात की नुसतं कोंडतात, आम्ही आठवड्याला भेटू शकतो का, सुटल्यावर पाठपुरावा कसा करता. शंभर टक्के गॅरंटी देणारं केंद्र असेल तर उठून या. अटकेची भीती असेल तर एवढं लक्षात ठेवा: १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातलं कलम ६४-अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला वापर आणि अल्प प्रमाणातल्या गुन्ह्यांच्या खटल्यातून सूट देतं. उपचार मधेच सोडला तर ती सूट काढून घेता येते.

तुम्ही स्वतःबद्दल एकच वाक्य लिहिलंय, की दोन वर्षं रात्री नीट झोप नाही. आईंचं काय होत असेल याचा अंदाज येतो. गोळी द्यायची जबाबदारी तुम्ही आणि आईंनी दिवस वाटून घ्या. नातेवाइकांसाठीच्या गटात एकदा जाऊन बसा, आणि आईंचा रक्तदाब तपासून घ्या.

आता त्याचा घरी यायचा दिवस. सकाळी आणा, संध्याकाळी नको. दोघांनी जा, नेहमीच्या स्टेशनऐवजी दुसऱ्या रस्त्याने या, वाटेत डॉक्टरांकडे थांबून पहिली गोळी समोर घेऊ द्या. नातेवाइकांना जेवायला बोलावू नका. त्याची खोली आधी स्वच्छ करा आणि ती करताना गादीखाली, फॅनच्या पात्यांवर, गॅस सिलिंडरच्या मागे, जुन्या बुटांत बघा, कारण विसरलेली एखादी पुडी तिथेच राहिलेली असते. सापडली तर पाण्यात सोडून द्या, जपून ठेवू नका. १०८ आणि डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवा. आणि बाथरूमची आतली कडी काढून बाहेरून उघडता येईल असं कुलूप बसवा. बंद दाराआड बेशुद्ध पडलेल्या माणसापर्यंत पोचायला वेळ लागतो. कडी का काढली, हे तो घरात शिरल्यावर तुम्हीच त्याला सांगा.